दोन राज्यांचा करार आणि ट्वायला हपची दहा बोटं

ट्वायला हपला दुसऱ्याचं काम अडलेलं बघवत नाही. हा आपला गुण आहे असं तिला वाटतं. गावाचं मत वेगळं आहे. किराणा दुकानाच्या रांगेत पुढच्या माणसाला कोटाची चेन लागत नसली, की ही मागून हात घालून चेन लावून मोकळी. चर्चमध्ये कुणी खिशातला चष्मा काढायला धडपडत असेल, तर त्याला कळायच्या आत चष्मा त्याच्या नाकावर. एकदा तर बँकेत तिने खाली बसून एका परक्या माणसाच्या बुटाची नाडी करकचून बांधली. त्या बिचाऱ्याचा पाय सुजला होता आणि नाडी त्याने मुद्दाम सोडून ठेवली होती. तो जो ओरडला, ते अजून गावात सांगतात.

बरं, तिला तरी काय बोलणार? एकतीस वर्षं तिचा धंदाच हा. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नाव ऐकून लोकांना वाटतं ही नोकऱ्या लावून देते, आणि दोघातिघांनी आपली निकामी पोरं तिच्याकडे पाठवलीसुद्धा होती. खरं काम असं, की अर्धांगाचा झटका येऊन, पडून, यंत्रात सापडून ज्यांचे हात कामातून गेले, त्यांच्या घरी जायचं आणि त्यांना पुन्हा बटण लावायला, चमचा धरायला, दात घासायला शिकवायचं. तिच्या गाडीच्या डिकीत विजेवर पाणी तापवायचं एक पसरट पातेलं असतं. प्लास्टिकचा तुकडा त्या कढत पाण्यात मऊ करायचा आणि गरम असतानाच बोटांनी दाबून पेशंटच्या मनगटाला बसेल अशी आधारपट्टी करायची. हातमोजे घालून हे नीट होत नाही असं तिचं ठाम मत. त्यातून दर घरी आल्यावर हात धुवायचे, निघताना हात धुवायचे. तिच्या बोटांनी एकतीस वर्षांत जेवढं पाणी पाहिलंय तेवढं नदीतल्या माशांनीही पाहिलं नसेल.

नव्या पेशंटला तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "या हातांनी काय करावंसं वाटतं?" कुणी म्हणतं नातवाला उचलायचंय, कुणी म्हणतं स्वयंपाक करायचाय. ऑर्व्हल स्टॅकपोलने जराही विचार न करता सांगितलं, "पत्ते वाटायचेत."

ऑर्व्हल एकोणऐंशी वर्षांचा. सगळी हयात नदीवरच्या मालबोटींवर स्वयंपाकी म्हणून गेली. नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बायको रूबी जाऊन चार वर्षं झाली होती. उरलं होतं एकच, दर बुधवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये युकर खेळायचं. चौघांचा खेळ, समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार, पत्ते चोवीसच, प्रत्येकाला पाच. आमच्या ओहायो राज्यात नदीकाठावर पोरं चालायच्या आधी युकर शिकतात.

"बुधवार गेला की माझ्या आठवड्यात राहतं काय?" ऑर्व्हल म्हणाला. "मंगळवार."

आणि बुधवार जायची वेळ आलीच होती. कारण मिसेस क्रॅबट्री. वय एक्क्याऐंशी, चौतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकून. गावातल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी उशिरा आल्याची चिठ्ठी दिलेली आहे, त्यामुळे शेरीफसुद्धा तिला मिसेस क्रॅबट्रीच म्हणतो. युकरच्या क्लबाचा कारभार तिच्याकडे, आणि तिचा नियम असा, की ज्याची पाळी त्याने स्वतःच्या हाताने पत्ते वाटायचे. वाटून होईपर्यंत दुसऱ्या कुणाचं बोट पत्त्याला लागलं, की त्याची खुर्ची गेली. फार वर्षांपूर्वी हात मोडलेल्या एकाने बायकोला वाटायला बसवलं होतं आणि लागोपाठ चार बुधवार त्याच्याकडे दोन्ही काळे गुलाम आले होते, आणि युकरमध्ये गुलामावर कुणाचं चालत नाही. तेव्हापासून हा नियम. ऑर्व्हलला तिने सवलत दिली ती एप्रिलच्या पहिल्या बुधवारपर्यंत. त्यानंतर प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला बोलवायचं. यादीत अकरा नावं होती आणि पहिलं तिच्या दिराचं होतं.

डिसेंबर-जानेवारी ट्वायलाने खूप मेहनत घेतली. आठवड्यातून दोनदा ऑर्व्हलकडे जायची. पत्ते पडायचे, ही उचलायची. पुन्हा पडायचे, पुन्हा उचलायची. भांडी घासायचा ब्रश उलटा ठेवून त्याच्या केसांत पत्ते उभे कसे करायचे तेही तिने शिकवलं. म्हणजे पत्ते धरायचा प्रश्न सुटला. वाटायचा तसाच राहिला, पण हात हलायला लागला होता.

फेब्रुवारीत ऑर्व्हल मोरीत पडला. लेक रेनिटा आली आणि बापाला गाडीत घालून आपल्या घरी घेऊन गेली. रेनिटाचं घर नदीपलीकडे, पूल ओलांडला की सहा मिनिटांवर. पण ते वेस्ट व्हर्जिनिया, म्हणजे दुसरं राज्य. आणि ट्वायलाचा परवाना ओहायोचा. आमच्याकडे तर नदीदेखील सगळी पलीकडच्यांची आहे, आपलं राज्य काठावरच संपतं. म्हणजे पुलावर चाक चढलं की ट्वायला थेरपिस्ट राहिली नाही, नुसती बाई झाली.

पलीकडे तीन तालुक्यांत मिळून एकच थेरपिस्ट होता आणि त्याच्याकडे नंबर जूनमध्ये लागत होता. ऑर्व्हलला रोज इकडे आणावं, तर रेनिटाच्या घराला चौदा पायऱ्या. दोन माणसं लागतात, आणि रेनिटाची दिवसपाळी. ट्वायलाने आपल्या गाडीतून आणावं, तर पेशंटला स्वतःच्या गाडीत बसवायचं नाही असा तिच्या कंपनीच्या विम्याचा नियम.

"अगं, पण आता करार झालाय ना," तिची साहेबीण म्हणाली. "दोन्ही राज्यं त्यात आहेत. इकडचा परवाना असला की तिकडे नवी परीक्षा नको, नवा परवाना नको. अर्ज कर, बोटांचे ठसे दे, झालं. फार तर तीन आठवडे."

ट्वायलाने बोटांवर हिशेब केला. मार्चच्या सुरुवातीला परवानगी आली तर एक महिना हातात राहत होता. महिन्यात ऑर्व्हल वाटायला लागेल अशी तिची खात्री होती. अर्ज तिने त्याच दुपारी भरला. कधी गुन्हा केला आहे का, नाही. कधी परवाना रद्द झाला आहे का, नाही. आणि दुसऱ्या दिवशी नट्टापट्टा करून ठसे द्यायला शेरीफच्या कचेरीत गेली. ठशांना नट्टापट्टा कशाला, हे तिचं तिलाच ठाऊक.

तिथे ठसे घेणारी एक जाडजूड शिपाईण होती, हॉट डॉग खात बसलेली. तिने हात पुसले, ट्वायलाचा उजवा अंगठा धरून यंत्राच्या काचेवर टेकवला. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "कृपया बोट ठेवा."

"ठेवलंय," ट्वायला म्हणाली.

"कृपया बोट ठेवा."

शिपाईणीने काच पुसली. मग अंगठा पुसला. मग स्वतःचा अंगठा ठेवून बघितला, तर यंत्राने तो लगेच घेतला. ट्वायलाची तर्जनी ठेवली, मधलं ठेवलं, करंगळी ठेवली. यंत्र आपलं विनवणी करत राहिलं. शेवटी शिपाईणीने ट्वायलाचा हात खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला.

"बाई, तुमच्या बोटांवर काहीच नाहीये."

"काहीच नाही म्हणजे?"

"रेघा नाहीत. गुळगुळीत. उकडलेलं अंडं असतं ना, तशी." तिने कौतुकाने मान हलवली. "मला अशी बोटं असती तर मी ही नोकरी कधीच सोडली असती. घरफोड्या करून सुखात राहिले असते."

आता याला काय म्हणावं. जिने दोन हजार लोकांचे हात दुरुस्त केले, तिला स्वतःला सरकारदरबारी हातच नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ट्वायला खुर्चीत बसली आणि तिला रडूच आलं. "तिकडे एक म्हातारा माझी वाट बघतोय हो," ती म्हणाली.

शिपाईण मनाची चांगली होती. तिने उपाय सांगितला. तीन आठवडे हात पाण्यात घालायचे नाहीत. काही तापलेलं धरायचं नाही. गाईच्या सडांना भेगा पडल्यावर लावतात ते मलम चोपडायचं आणि वरून सुती मोजे, दिवसभर. "गवंडी लोकांना मी हेच सांगते. रेघा परत येतात. बहुतेक."

ट्वायलाने साहेबिणीकडून तीन आठवडे कागदपत्रांचं काम मागून घेतलं आणि मलमाचा डबा आणला. तिचा नवरा डेन्झिल हिवाळ्यात तालुक्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवतो. अबोल माणूस. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने भांडी घासली नव्हती, ती आता घासायला लागला. चौथ्या दिवशी त्याने कागदी ताटल्यांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. कुत्रा मात्र खूश होता. ट्वायला बसली की मोजे चाटायला यायचा, ती हात वर करायची, आणि घरात आल्यागेल्याला वाटायचं हिच्यावर कुणी पिस्तूल रोखलंय.

"डेन्झिल, जरा पाठ खाजव रे."

"कुठे?"

"वर. आणखी वर. अरे, उजवीकडे. राहू दे, तुला काही जमत नाही."

"तुझ्या पेशंटांशीही अशीच बोलतेस?"

"त्यांना मी खाजवायला सांगत नाही."

सात दिवसांनी तिला राहवेना. साहेबिणीला विचारलं, पाहुणी म्हणून ऑर्व्हलकडे गेले तर?

"पाहुणी म्हणून खुशाल जा. पण लक्षात ठेव, तिथे 'मनगट वाकवा' एवढं जरी म्हणालीस तरी तो उपचार झाला. परवानगी मिळायची राहिली बाजूला, इकडचा परवानाही जाईल."

रविवारी दुपारी ट्वायला आणि डेन्झिल पूल ओलांडून गेले. रेनिटाने पेपरोनी रोल भाजले होते, तिखट मांसाचे तुकडे पोटात भरलेले गरम गरम पाव. ते पलीकडच्यांनीच करावेत, आमच्याकडे तसे होत नाहीत हे नाइलाजाने कबूल करावं लागतं. खाऊन झाल्यावर चौघं युकरला बसले. ऑर्व्हल आणि ट्वायला जोडीदार, रेनिटा आणि डेन्झिल जोडीदार.

ऑर्व्हलची वाटायची पाळी आली. त्याने गठ्ठा डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने वरचा पत्ता सरकवायला गेला आणि अख्खा गठ्ठा जमिनीवर सांडला. ट्वायला ताडकन उठली. मग तिला राज्य आठवलं. ती बसली आणि दोन्ही हात मोज्यांसकट मांड्यांखाली दाबून धरले.

ऑर्व्हल बघत होता. "उचल ना."

"मला नाही उचलता येत."

"का?"

"मोजे. आणि कायदा."

रेनिटाही बापाकडे बघत होती, डेन्झिल छताकडे. ऑर्व्हलने शिव्या घातल्या. बोटीवरच्या होत्या, इथे लिहिता येणार नाहीत. मग वाकून एकेक पत्ता उचलायला लागला. ट्वायलाचं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

"मी काही म्हणत नाहीये," ती म्हणाली.

"तू काही म्हणत नाहीयेस ते साऱ्या घराला ऐकू येतंय," ऑर्व्हल म्हणाला.

पुढे मोठाच घोळ झाला. वाटलेले पाच पत्ते ट्वायलाला धरता येईनात. मलमाने पत्ते बरबटले, एक राणी मोज्याला चिकटली ती निघेना. ऑर्व्हलने दोन मिनिटं हे सोसलं. मग म्हणाला, "रेनिटा, माझा ब्रश आण. आणि भांड्यांजवळचा दुसराही आण." एक ब्रश स्वतःपुढे उलटा ठेवला, दुसरा ट्वायलापुढे. आणि तिचे पाच पत्ते, तोंड दुसरीकडे फिरवून, उजव्या हाताने एकेक करून केसांत खोचायला लागला. पहिला पडला. दुसरा वाकडा बसला.

"कुठला टाकू सांग. बोट नको दाखवूस, वास येतो. तोंडाने सांग."

"डावीकडून दुसरा."

"पोरी, हा हुकूम आहे. आत्ताच कशाला टाकतेस?"

"तुम्ही बघितलात?"

"टाकायचा म्हणजे बघावा लागतो. माझे डोळे काही पाठीमागे नाहीत."

मग हा दर रविवारचा कार्यक्रमच झाला. ऑर्व्हलला आता दुप्पट काम. स्वतःचे पत्ते लावायचे, ट्वायलाचे लावायचे, तिच्या वतीने टाकायचे, तिच्या रोलचा तुकडा तोडून तिच्या तोंडाशी धरायचा, आणि हे सगळं करताना कुरकुरायचं. "काय माणसं येतात माझ्या घरी. एक धड नाही." तिसऱ्या रविवारी त्याने उजव्या अंगठ्याने वरचा पत्ता सरकवला आणि तो सुटा, एकटा, रेनिटाच्या पुढ्यात जाऊन पडला. त्याच्या लक्षातही आलं नाही. ट्वायलाच्या आलं. तिने जीभ चावली.

परत येताना पुलावर ती डेन्झिलला म्हणाली, "अरे, दोन महिने पडलेला प्रत्येक पत्ता मीच उचलून देत होते. तो कशाला उचलेल?"

"हं," डेन्झिल म्हणाला.

"एकतीस वर्षं, डेन्झिल. किती लोकांचे पत्ते मी उचलले असतील?"

"गाडी चालवतोय मी," डेन्झिल म्हणाला. ट्वायलाला मनापासून लाज वाटली आणि ती घर येईपर्यंत गप्प बसली. असं आजवर झालं नव्हतं.

मार्चच्या मध्याला ती पुन्हा ठसे द्यायला गेली. दहापैकी आठ बोटं यंत्राने घेतली. शिपाईणीने टाळी वाजवली, पण म्हणाली, "निकाल येईपर्यंत मोजे काढू नका. परत बोलावलं तर पंचाईत." त्यामुळे मोजे राहिले, डेन्झिलच्या कागदी ताटल्या राहिल्या, आणि परवानगी काही येईना. मार्च संपला.

आली ती एप्रिलच्या पहिल्या बुधवारी सकाळी. आता ट्वायला दोन्ही काठांवर थेरपिस्ट होती. उपयोग शून्य, कारण त्याच संध्याकाळी खेळ होता. तिने मोजे काढले, हात धुतले आणि संध्याकाळी हॉलमध्ये जाऊन ऑर्व्हलच्या समोरच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत पूर्वी रूबी बसायची; एका रात्रीपुरता पाहुणा जोडीदार बसवायला क्लबाची हरकत नसे.

दलाच्या दोघा जवानांनी ऑर्व्हलला चौदा पायऱ्यांवरून खुर्चीसकट उचलून आणलं होतं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बटणं त्याची त्यानेच लावली होती, कारण एक चुकलं होतं. ट्वायलाला ते पहिल्या सेकंदाला दिसलं. मिसेस क्रॅबट्री स्वतः त्याच टेबलावर, ऑर्व्हलच्या डाव्या हाताला बसली, आणि तिचा दीर तसाच पाहुणा म्हणून तिच्या समोर. दीर आला होता तो कायमची खुर्ची घ्यायच्या तयारीनेच.

"ऑर्व्हल, नियम ठाऊक आहे ना?" ती म्हणाली.

"तू केलास त्या दिवसापासून ठाऊक आहे," ऑर्व्हल म्हणाला, आणि गठ्ठा डाव्या हातात घेतला.

बाकीच्या टेबलांवरचा खेळ थांबला. पहिला पत्ता गेला. दुसरा गेला. पत्ते सुटे जात होते, एकेक करून, आपापल्या माणसापुढे. चौदा, पंधरा, सोळा. सतरावा अंगठ्याखालून निसटला, टेबलाच्या कडेला आपटला आणि खाली पडला. ट्वायलाच्या बुटापाशी.

सगळ्या हॉलने ट्वायलाकडे बघितलं. जी परक्याच्या नाड्या बांधते, ती पायाशी पडलेला पत्ता उचलणार नाही असं कसं होईल? हे ओहायो होतं. इथे तिला कुणी अडवू शकत नव्हतं. मोजे नव्हते, साहेबीण नव्हती, दोन्ही राज्यांचा कागद पर्समध्ये होता. तिचा हात टेबलावरून निघालासुद्धा. तिने तो दुसऱ्या हाताने पकडला आणि मांडीवर दाबून धरला. दुसऱ्याचं अडलेलं बघत बसायची तिच्या आयुष्यातली ही सगळ्यात लांब वेळ होती.

ऑर्व्हलने उरलेला गठ्ठा खाली ठेवला. टेबलाची कड धरून वाकला. पत्ता गुळगुळीत फरशीला चिकटलेला, नखात येईना. त्याने तो बोटाने ओढत ओढत ट्वायलाच्या बुटाला टेकवला, बुटाच्या आधाराने उभा केला आणि चिमटीत धरला. हे तिने त्याला शिकवलेलं नव्हतं. तांबडालाल होऊन तो वर आला, पत्ता ज्याचा होता त्याच्यापुढे टाकला आणि उरलेले वाटून संपवले. मिसेस क्रॅबट्रीने आपले पाच पत्ते उचलले आणि लावायला घेतले, म्हणून दिरानेही उचलले.

हुकूम बदाम ठरला. पाचांपैकी तीन हात ज्या जोडीचे, डाव तिचा; पहिल्या दोनांतला एक ऑर्व्हलच्या जोडीला आला. तिसऱ्याला ऑर्व्हलने किलवरचा एक्का टाकला. त्यावर कुणाचं काही चालणार नव्हतं, हात घरात आल्यासारखाच होता. ट्वायलाने फक्त एखादं फालतू पान टाकायचं. पण ट्वायलाच्या डोळ्यांतून केव्हाचं पाणी वाहत होतं, समोर एक्का आहे की नव्वी तिला दिसेना. तिने आपल्याच जोडीदाराच्या एक्क्यावर हुकूम मारला. आणि पुढच्या दोन हातांना लागणारं पान तेच होतं. डाव गेला.

"माझ्या एक्क्यावर?" ऑर्व्हल म्हणाला. "अगं बाई, माझ्या एक्क्यावर? बोटीवर एक मांजर होतं, तेसुद्धा जोडीदाराच्या एक्क्यावर हुकूम मारत नसे. कुणी शिकवला तुला खेळ? डोळे आहेत का बटणं? मी काय म्हणून टाकला एक्का, शोभेला?"

"चुकलं," ट्वायला म्हणाली. नाक लाल झालं होतं.

"चुकलं म्हणे. दोन गुण घालवलेस. रूबीने एकदा असंच केलं होतं, मी तिच्याशी आठ दिवस बोललो नव्हतो."

तो बोलतच राहिला. एकतीस वर्षांत पेशंटांनी तिला केक दिले होते, फुलं दिली होती, आभाराची पत्रं लिहिली होती. इतकं सणसणीत कुणी झापलं नव्हतं. ट्वायलाने बाहीने डोळे पुसले आणि मान खाली घालून ऐकत राहिली. तिला इतका आनंद झाला होता की तिला पुढचा डावही धड खेळता येणार नव्हता.

मिसेस क्रॅबट्रीने पत्ते गोळा केले आणि पिसून गठ्ठा हातात घेतला.

"ऑर्व्हल, पुरे," ती म्हणाली. "उरलेलं भांडण पुढच्या बुधवारी कर. आता वाटायची पाळी माझी आहे."